तुरुंगातलं अथेन्स

"भाऊजी, आज गाडी आणू नका."

गुरुवारी सकाळी ऑफिसात वसुधावहिनींचा फोन आला तेव्हा मला वाटलं, वर्ग कॅन्सल झाला असेल. आदल्या दिवसापासून बर्फ पडत होता, आणि अशा हवेत तुरुंगाचे लोक कधीकधी बाहेरच्यांना आत घेत नाहीत. "बरं," मी म्हणालो, "मग आता पुढच्या गुरुवारी." मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारीही नको... ते गेले, सुधाकरभाऊजी. बूट घालायला खाली वाकले आणि वर उठलेच नाहीत."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. ॲन आर्बरमधला बर्फ वितळलाय, विद्यार्थ्यांच्या सायकली पुन्हा रस्त्यावर आल्यात. प्रा. यशवंत घारपुरे यांच्यावर विद्यापीठातल्या लोकांनी आपापल्या परीने लिहिलंय. त्यांचे लेख, त्यांचे विद्यार्थी, ग्रीक क्रियापदांवरचं त्यांचं काम, हे सगळं त्यात आलंय. मी त्यातलं काही सांगू शकत नाही. मी मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेणारा इंजिनियर. मी त्यांचा मित्र होतो आणि शेवटची काही वर्षं दर गुरुवारी त्यांचा ड्रायव्हर होतो. मला जे माहीत आहे ते गाडीतलं, त्यांच्या स्वयंपाकघरातलं आणि तुरुंगातल्या एका खोलीतलं आहे.

यशवंतराव मूळचे कराडचे. पुण्यात संस्कृत शिकले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला भाषाशास्त्रासाठी अमेरिकेत आले. त्यांच्या बरोबरीचे आम्ही सगळे इंजिनियर नाहीतर डॉक्टर. हा एकटा माणूस बोटीवर पुस्तकांची ट्रंक घेऊन आलेला. पहिल्याच वर्षी तुलना करायला म्हणून ग्रीक घ्यावं लागलं. संस्कृतात 'ददामि' म्हणजे मी देतो, आणि ग्रीकमध्ये त्याच अर्थाचं 'दिदोमि'. ते मला सांगायचे, "सुधाकर, परक्या गावात गेल्यावर अचानक आपल्या आत्याच्या चेहऱ्याची बाई बाजारात दिसावी, तसं झालं मला. मी तिच्या मागे मागे गेलो, ते गेलोच." क्रियापदांच्या मागे गेलेला माणूस तत्त्वज्ञांपर्यंत पोचला, तत्त्वज्ञांच्या मागून अथेन्सच्या चौकात शिरला, आणि तिथल्या लोकांनी राजाशिवाय गाव चालवायची जी खटपट केली, तिच्यात आयुष्यभर रमला. कराडच्या घारपुऱ्यांचा मुलगा अमेरिकन पोरांना ग्रीक शिकवतो याचं आम्हाला सगळ्यांना नवल वाटायचं. त्यांना स्वतःला बिलकुल वाटत नसे. त्यांना ड्रायव्हिंग मात्र कधीच जमलं नाही. दोनदा टेस्टला नापास झाल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं, "चालत चालत शिकवणारे तत्त्वज्ञ होऊन गेलेत. मी त्या परंपरेतला." आमच्या गावात बस आणि पाय यांच्यावर माणसाचं भागतं, त्यामुळे ते निभावून गेलं.

माझी त्यांची ओळख एका भांडणात झाली. आमच्या मराठी मंडळाचा गणपती तेव्हा एका शाळेच्या कॅफेटेरियात असायचा. आरती, मसालेभात आणि मग एखादं भाषण. त्या वर्षी भाषण डॉ. कर्णिकांचं होतं. कर्णिक हृदयाचे डॉक्टर, आवाज खणखणीत, आणि विषय 'लोकशाही भारतातच जन्मली'. गणराज्यं, सभा, समिती, सगळं त्यांनी जोरात मांडलं, टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतून एक बुटका, जाड चष्म्याचा माणूस उभा राहिला. "डॉक्टर म्हणाले त्यातलं पुष्कळ खरं आहे," तो म्हणाला. "गणराज्यं होतीच. भिक्षुसंघात रंगीत काड्या वाटून मतं घेत, शलाका म्हणत त्यांना. आपण अभिमान बाळगावा असंच आहे. पण आधी कोण जन्मलं, यापेक्षा मला दुसरा प्रश्न मोठा वाटतो. सभा भरली तेव्हा दाराबाहेर कोण उभं होतं?"

आणि मग त्यांनी अथेन्सचं सांगितलं. टेकडीवर हजारो नागरिक जमायचे, चांभार आणि जमीनदार शेजारी शेजारी बसायचे, युद्ध करायचं की नाही हे हात वर करून ठरवायचे. जगात अशी गोष्ट फार थोड्या ठिकाणी घडली आहे. पण बायका बाहेर. गुलाम बाहेर. आणि आणखी एक जात बाहेर, तिचं नाव मेटिक. मेटिक म्हणजे परगावाहून येऊन अथेन्समध्ये स्थायिक झालेला माणूस. तो तिथे धंदा करायचा, कर भरायचा, लढाईतही जायचा. सभेत मात्र त्याला जागा नाही, त्याच्या मुलालाही नाही, नातवालाही नाही. "आता मला सांगा," यशवंतरावांनी कॅफेटेरियाभर नजर फिरवली, "या देशात मत द्यायचा हक्क इथे कोणाकोणाला आहे?" तीन-चार हात वर आले. त्यातला एक माझा होता, कारण कंपनीच्या एका कामासाठी मला सिटिझनशिप घ्यावी लागली होती. बाकी सगळे ग्रीन कार्डवाले. "म्हणजे आपण मेटिक," ते म्हणाले आणि खाली बसले.

कर्णिकांचा चेहरा लाल झाला. "आम्हाला इथे कोणी अडवलेलं नाही," ते गरजले. यशवंतराव बसल्या बसल्याच म्हणाले, "नाही ना? तेच तर मला कोडं आहे. मलासुद्धा नाही अडवलेलं." हॉलमध्ये हशा झाला. त्या दिवशी कार्यक्रमानंतर मी त्यांना घरी सोडलं आणि त्यांच्या दारासमोर गाडी चालू ठेवून आम्ही तास-दीड तास बोलत बसलो. शेवटी वसुधावहिनी बाहेर आल्या, काचेवर टकटक केली आणि म्हणाल्या, "पेट्रोल तुमचं आहे, पण शेजारी झोपलेत."

वहिनी नागपूरच्या. विद्यापीठाच्या लायब्ररीत नोकरी करायच्या, अजूनही करतात. यशवंतराव घरात एखादं वाक्य बोलले की ते वहिनींकडून तपासून निघायचं. "हे तुम्ही मंगळवारी उलट म्हणाला होतात," असं त्या कणीक मळता मळता सांगायच्या. ते थांबायचे, चष्मा पुसायचे. कधी कबूल करायचे, कधी तासभर वाद घालायचे. त्यांची मुलगी मीरा जेवणाच्या टेबलावर दोघांकडे बघून म्हणायची, "कॅन वी जस्ट ईट?"

तुरुंगाचं प्रकरण पुढे काही वर्षांनी सुरू झालं. आमच्या गावाच्या पश्चिमेला हायवेने पाऊणएक तासावर राज्याचा मोठा तुरुंग आहे. तिथल्या कैद्यांसाठी कॉलेजचे वर्ग चालायचे, आणि कोणीतरी तत्त्वज्ञान शिकवायला हवं होतं. यशवंतरावांनी हात वर केला. तिकडे बस जात नाही हे त्यांना हात खाली घेतल्यावर कळलं. मग मला फोन. माझं काम सकाळी सातला सुरू व्हायचं, त्यामुळे दुपारी मी मोकळा असायचो. "एकदाच येऊन बघ," ते म्हणाले. मला मदतनीस म्हणून पास मिळाला आणि ते 'एकदाच' पुढे काही वर्षं चाललं.

पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो, हे सांगायला हरकत नाही. एकामागून एक लोखंडी दारं. प्रत्येक दार मागे बंद झाल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. पट्टा काढा, बूट काढा, पुस्तकाची पानं झटकून दाखवा. यशवंतराव हे सगळं देवळात चपला काढाव्यात तसं सहज करत होते. खोली फिक्या हिरव्या रंगाची, खिडकी उंचावर, आणि लहान मुलांच्या शाळेत असावीत तशी बाकं. त्यांत हे दांडगे पुरुष गुडघे मुडपून बसलेले. 'घारपुरे' हे नाव काही त्यांच्या तोंडी बसेना. तेव्हा आद्याक्षर घेऊन त्यांनी 'प्रोफेसर जी' करून टाकलं. यशवंतराव परतताना गाडीत हसून हसून बेजार झाले. "वीस वर्षांत या देशात मला कोणी 'जी' म्हटलं नव्हतं!"

त्या वर्गात वेंडल नावाचा माणूस होता. वयाने आमच्याएवढा, काळा, डेट्रॉईटचा. एके काळी मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर होता, म्हणून माझ्याशी त्याचं लगेच जमलं. एका दरोड्यात तो सामील होता आणि त्यात दुकानदार मेला होता. तो ते लपवत नसे. "मी होतो तिथे," एवढंच म्हणायचा. वाचायचा हळू, पण एकदा वाचलेलं सोडायचा नाही.

एका गुरुवारी विषय निघाला अथेन्सच्या त्या म्हाताऱ्या तत्त्वज्ञाचा, ज्याला लोकांच्या न्यायालयाने मृत्यूची शिक्षा दिली. यशवंतराव त्याला घरच्यासारखं 'आमचा म्हातारा' म्हणायचे. तर हा म्हातारा तुरुंगात आहे. विषाचा प्याला यायला थोडे दिवस आहेत. भल्या पहाटे त्याचा मित्र येतो. पहारेकऱ्याला पटवलेलं आहे, बाहेर सगळी व्यवस्था आहे, चल पळ. आणि म्हातारा नाही म्हणतो. तो म्हणतो, समज, या शहराचे कायदे माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, सत्तर वर्षं तू इथे राहिलास, दार उघडं होतं, आम्ही पसंत नव्हतो तर निघून जायचं होतंस. राहिलास म्हणजे आम्हाला कबूल झालास. आता निकाल तुझ्याविरुद्ध गेला तर पळतोस?

"बोला," यशवंतराव म्हणाले, "त्याने पळायला हवं होतं का?"

मला वाटलं होतं, सगळे एका सुरात हो म्हणतील. तसं झालं नाही. एक तरणा पोरगा म्हणाला, अर्थात पळायचं, यात विचारायचं काय. दुसरा म्हणाला, पळून जायचं कुठे, परक्या गावात म्हातारपणी कोण विचारतो. तिसऱ्याला पहारेकरी कसा पटवला यातच जास्त रस होता, त्यावर दारातला खराखुरा पहारेकरीही हसला. शेवटी वेंडलने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "त्याचं बरोबर आहे. पण त्याच्यासाठीच बरोबर आहे. तो त्या सभेत बसायचा. कायदा करताना त्याला विचारलं होतं. त्याने हो म्हटलं किंवा नाही म्हटलं, पण विचारलं होतं. मला कोणी विचारलं?"

"तुम्हाला मत नव्हतं?" यशवंतरावांनी विचारलं.

"आता नाही. इथे आत असेपर्यंत नाही. बाहेर होतो तेव्हा होतं. पण तेव्हा मी कधी गेलोच नाही. शिफ्ट संपली की झोपायचो. म्हणजे विचारलं होतं मला... मीच घरी नव्हतो." मग त्याने मान वर केली. "आणि तुम्ही, प्रोफेसर जी? तुम्ही मत देता?"

"नाही. मी या देशाचा नागरिक नाही."

"देत नाहीत तुम्हाला?"

"मागितलं तर देतील. मी मागितलं नाही."

"किती वर्षं झाली इथे?"

"वीस-बावीस."

वेंडलने पुस्तकावर हात ठेवला. "मग ते कायदे तुमच्यासमोर येऊन उभे राहिले तर काय म्हणतील? राहिलात, कर भरलात, पोरगी वाढवलीत. म्हणजे कबूल झालात. पण तोंड उघडायचा हक्क मात्र नको म्हणालात. हे कसलं कबूल होणं?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. "आम्ही इथे दाराकडे बघत बसतो, प्रोफेसर. तुमचं दार उघडं आहे आणि तुम्ही आत बसलाय."

यशवंतरावांनी नेहमीप्रमाणे चष्मा काढून पुसला. "हे मी घरी घेऊन जातो," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर मक्याची रिकामी शेतं मागे जात होती. घर आलं तेव्हा दार उघडता उघडता म्हणाले, "कॅफेटेरियात मी लोकांना मेटिक म्हणालो होतो ना... फार ऐटीत म्हणालो होतो."

गोष्ट दिसते तेवढी सोपी नव्हती. अमेरिकेची शपथ घ्यायची म्हणजे भारताचा पासपोर्ट सोडायचा. यशवंतरावांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. ज्या देशासाठी बापाने कोठडी भोगली, त्याचं नागरिकत्व मुलाने एका कोर्टात हात वर करून सोडून द्यायचं? वहिनींचा साफ नकार होता. "तुम्हाला काय करायचं ते करा. मी माझा पासपोर्ट देणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या तत्त्वज्ञानात माझं माहेर बसत नाही." मीरा तेव्हा कॉलेजात होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट पेपर." त्यावर दोघंही एकदम तिच्यावर ओरडले. दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्या उन्हाळ्यात यशवंतराव कराडला जाऊन आले. वडील नव्वदीच्या घरात, खाटेवरच असायचे, पण डोकं लख्ख. तिथे काय झालं ते त्यांनी मला पुढे गाडीतच सांगितलं. दोन दिवस विषय काढायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी काढला. म्हातारा नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "यशवंता, मी आत गेलो ते पासपोर्टासाठी नव्हे. तेव्हा पासपोर्ट कुणी बघितला होता? आपल्यावर राज्य कोणी करायचं ते आपल्याला विचारा, एवढंच आम्ही म्हणत होतो. तू जिथं राहतोस तिथं तुला विचारत असतील, तर जा आणि सांग." यशवंतरावांना वाटलं, सुटलो. पण निघायच्या दिवशी ते पाया पडायला गेले तेव्हा वडिलांनी भिंतीकडे तोंड केलेलं होतं. हात मागे करून डोक्यावर ठेवला, मान काही वळवली नाही. "त्यांनी मला परवानगी दिली," यशवंतराव म्हणाले, "आणि त्यांना वाईटही वाटलं. दोन्ही खरं होतं, सुधाकर. मी दोन्ही घेऊन आलो."

डेट्रॉईटच्या कोर्टात शपथविधी झाला तेव्हा मी बरोबर होतो. वहिनी आल्या नाहीत, पण सूट त्यांनीच इस्त्री करून ठेवला होता. निरनिराळ्या देशांची माणसं, कोणी साडीत, कोणी कडक टोपीत, कोणाच्या कडेवर मूल. सगळ्यांनी हात वर करून आपापल्या जुन्या देशाची निष्ठा सोडली. बाहेर येऊन आम्ही कॉफी आणि डोनट घेतला. ते बराच वेळ डोनटकडे बघत राहिले. "मला वाटलं होतं, आत काहीतरी तुटल्याचा आवाज येईल," ते म्हणाले. "नाही आला... बहुतेक मागाहून येईल."

तो आला की नाही, मला माहीत नाही. मला जे दिसलं ते वेगळंच होतं. गावात लवकरच एक निवडणूक आली. तीही अगदी किरकोळ, शाळांसाठी थोडा जादा कर लावायचा की नाही एवढीच. आमच्या ओळखीतलं कोणी तिकडे फिरकलंही नसतं. यशवंतराव मात्र दोन्ही बाजूंच्या सभांना जाऊन आले, शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून वाद घातले. मग शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली मांडलेल्या बूथमध्ये जाऊन मत दिलं. त्यांची बाजू पडली. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे पायी आले, अंगावरचा बर्फ झटकत. चेहरा असा, की मला वाटलं जिंकले. "हरलो!" ते दारातच म्हणाले. "या देशात मी पहिल्यांदा हरलो, सुधाकर. आजपर्यंत नुसता बघत होतो." ही बातमी त्यांनी वर्गात सांगितली तेव्हा कैद्यांनी टाळ्या वाजवल्या. वेंडल उठून उभा राहिला, टाळी न वाजवता, आणि त्याने यशवंतरावांचा हात हातात घेतला. पहारेकऱ्याने खाकरून दाखवलं तेव्हा सोडला.

मंडळातसुद्धा त्यांनी अथेन्स आणलंच. एका वर्षी अध्यक्षपदावरून दोन तट पडले, लोक एकमेकांच्या घरी जेवायला जाईनासे झाले. यशवंतरावांनी सुचवलं, चिठ्ठ्या टाका. अथेन्समध्ये बहुतेक अधिकारी असेच निवडले जायचे. दगडात खाचा कोरलेल्या असत, त्यांत नावांच्या पट्ट्या, आणि काळ्या-पांढऱ्या गोट्या पडतील तसा निकाल. निवडणुकीत नामवंत आणि पैसेवाले पुढे येतात, चिठ्ठी कोणाचं तोंड बघत नाही, असं त्या लोकांचं म्हणणं. डॉ. कर्णिक या कल्पनेवर तुटून पडले. "हा काय हौजी आहे?" शेवटी कंटाळून सगळे तयार झाले, मसालेभाताच्या रिकाम्या पातेल्यात चिठ्ठ्या टाकल्या, आणि नाव निघालं डॉ. कर्णिकांचं. लोकांनी यशवंतरावांकडे पाहिलं. ते मनापासून हसत होते. "चिठ्ठीला बरंवाईट कळत नाही," ते म्हणाले, "म्हणून तर तिथे मुदत वर्षाचीच असायची." कर्णिकांनी वर्षभर मंडळ उत्तम चालवलं, हे इथे नोंदवायलाच हवं. पुढे त्या दोघांची घट्ट मैत्री झाली.

कर्णिकांनीच गेल्या वर्षी त्यांना बजावलं की हृदय थकलंय, थंडीतली ही तुरुंगवारी बंद करा. मीराही सुट्टीत आली तेव्हा मागे लागली. "बाबा, दे विल अंडरस्टँड." यशवंतराव म्हणाले, "त्यांना समजेल ग. मला नाही समजणार." तेव्हापासून वहिनी त्यांच्या कोटाच्या खिशात गोळ्या ठेवायला लागल्या आणि माझ्याकडे दुसरी बाटली दिली. त्यावर त्या दोघांचा वाद झाला असणार, पण माझ्यासमोर नाही.

त्यांचा शेवटचा वर्ग मला नीट आठवतो, कारण त्यात ते वेंडलशी हरले. विषय तोच, म्हाताऱ्याचा खटला. यशवंतराव म्हणाले, लोकशाहीने त्या दिवशी भयंकर चूक केली. पण ती चूक आपल्याला इतक्या शतकांनंतरही दिसते, कारण खटला उघड्यावर चालला. राजाने त्याला तळघरात मारून टाकलं असतं तर आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. वेंडल म्हणाला, "माझाही खटला उघड्यावर चालला, प्रोफेसर. बाकं रिकामी होती. दार उघडं ठेवून भागत नाही. कोणीतरी येऊन बसावं लागतं." यशवंतराव म्हणाले, "हे माझ्या वाक्यात नव्हतं. आता असेल." परत येताना ते खुशीत होते. विनामिठाच्या आमटीविषयी वहिनींची तक्रार केली, मग स्वतःच त्या आमटीची बाजू घेतली. उतरताना नेहमीसारखं दारावर थाप मारून म्हणाले, "गुरुवारी." बस, एवढंच.

अंत्यसंस्काराला विद्यापीठ आलं, मंडळ आलं. डॉ. कर्णिकांना बोलायला उभं केलं तर त्यांनी पातेल्यातल्या चिठ्ठीचीच गोष्ट सांगितली. पुढे काही दिवसांनी तुरुंगातून निरोप आला, की विद्यार्थ्यांना वर्ग पुरा करायचा आहे. यशवंतरावांची विद्यार्थिनी कॅरन, आता स्वतः शिकवणारी, तयार झाली. मी तिला न्यायचं कबूल केलं. हे सांगायला मी वहिनींकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मला यायचंय. एकदा. ती खोली बघायचीय." परवानगी मिळायला थोडे आठवडे गेले.

गेल्या गुरुवारी आम्ही तिघं गेलो. वहिनींनी पांढरी साडी नेसली नव्हती, लायब्ररीत जाताना नेसतात तशी निळी साडी होती. दारं उघडत, बंद होत गेली. खोलीत शिरल्यावर सगळे उठून उभे राहिले. वेंडल पुढे आला आणि म्हणाला, "मिसेस जी." वहिनींनी मान हलवली आणि पहिल्याच रांगेतल्या एका बाकावर, गुडघे मुडपून, बसल्या.

यशवंतरावांची एक सवय होती. अथेन्सच्या सभेत कामकाज सुरू करताना भालदार ललकारून विचारायचा, कोणाला बोलायचंय? तेवढे दोन-तीन ग्रीक शब्द उच्चारून ते वर्ग सुरू करायचे, आणि वर्गाला ते पाठ झाले होते. त्या दिवशी कॅरन फळ्यापाशी नुसतीच उभी राहिली. मग मागून वेंडलने, डेट्रॉईटच्या उच्चारात, ते शब्द म्हटले.

वहिनींनी हात वर केला.

"माझं इंग्लिश तुमच्या प्रोफेसरांइतकं चांगलं नाही," त्या म्हणाल्या, "पण पळायचं की नाही यावर तुम्ही वर्षानुवर्षं बोलताय, असं मी घरी ऐकत आले. मी नवऱ्याला एक गोष्ट पुष्कळदा विचारली होती. त्यांनी ती इथे कधी सांगितली का, मला माहीत नाही. त्या म्हाताऱ्याची बायको शेवटच्या दिवशी तुरुंगात आली होती, मांडीवर मूल घेऊन. रडत होती. त्याने मित्रांना सांगितलं, हिला कोणीतरी घरी घेऊन जा. आणि मग दिवसभर आत्म्यावर चर्चा केली. कायद्यांनी त्याला विचारलं होतं. तो त्यांना कबूल झाला. तिला कोणी विचारलं? कायद्यांनी नाही, सभेने नाही, त्यानेही नाही. तिचं म्हणणं काय होतं?"

उंचावरच्या खिडकीतून थोडं ऊन आत आलं होतं. मी मागच्या बाकावरून बघत होतो. वहिनींची पाठ ताठ होती, हात बाकावर. यशवंतराव असते तर आत्ता चष्मा पुसत असते, एवढं मला खात्रीने माहीत होतं.

"प्रोफेसर काय म्हणाले यावर?" वेंडलने विचारलं.

"ते म्हणाले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दर वेळी हेच म्हणाले." वहिनी किंचित हसल्या. "तुमच्याकडे आहे?"

तो तरणा पोरगा, अर्थात पळायचं म्हणणारा, पहिला बोलला. ती बाई म्हणाली असती, घरी चल. दुसरा म्हणाला, कशावरून, कदाचित तिलाही पटलं असेल. माझ्या बायकोला पटलं नव्हतं, तिसरा म्हणाला. कॅरनने पुस्तक उघडून तो भाग शोधून मोठ्याने वाचला. वेंडल म्हणाला, थांब, पुन्हा वाच. बाकं ओढून लोक पुढे सरकले. दोघंतिघं एकदम बोलायला लागले, आणि वहिनी हात वर करून त्यांना सांगत होत्या की एकेकाने बोला, मला सगळ्यांचं ऐकायचंय.